विहिरीवर घेतलेलं नाव

६ जाने., मंगळ
सरांच्या डोक्यात यंदा नवा किडा. कॉलेजच्या 'संस्कृती संगम'मध्ये आपापलं काही करायचं नाही, दुसऱ्याचं करायचं. चिठ्ठ्या टाकल्या. नालासोपाऱ्याच्या पांडेला तारपा नाच, अर्नाळ्याच्या कोळी पोरींना गरबा, शेरिलला मंगळागौर. मला वसईच्या ख्रिस्ती लग्नातली नवरी! आईबाबा साताऱ्याचे, जन्म बोळिंजच्या फ्लॅटमध्ये, चर्च बाहेरूनच पाहिलेलं. शेरिल (आमची शे.) खूष, तिची मावशी शिकवणार म्हणे. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "चला, वैदेहीचं एक तरी लग्न उरकलं."

११ जाने., रवि
शे.च्या लिझीमावशीकडे, वसईजवळच्या होळी गावात. वाडीत केळी, अळू, गवती चहा. चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून बायका विहिरीवर जमलेल्या. लग्नाआधी नवरीच्या आंघोळीचं पाणी वाजतगाजत आणतात, आणि मावशीच्या आळीत गाण्यातून नवरीचं नाव घेऊन विहिरीकडे ते मागतात. माझं नाव घ्यायला मावशीने साफ नकार दिला. "लगीन ठरल्याबिगर पोरीचं नाव बावीवर घ्येत नाय. नुस्ती चाल म्हना." पण सरांना रीलसाठी अख्खं गाणं हवं. मग शे. म्हणाली, रोझलिन म्हणूया, त्या नावाची इथे कोणीच नाही.
मावशीला पटलं नाही. "कोनाचं तरी असतंच नाव. हाक मारली का कोन तरी येतं."
आम्ही हसलो. मी सगळ्यात जास्त. बायका गायल्या, घागर भरून माझ्या डोक्यावर दिली. पाणी अंगावर मात्र घेऊ दिलं नाही मावशीने. केळीतून कोणीतरी "ओ" दिल्यासारखं वाटलं. शे.ला विचारलं, पण ती मोबाईलमध्ये बुडालेली.

२३ जाने., शुक्र
कार्यक्रम दणक्यात! पांडेचा तारपा सगळ्यात भारी, पोरगा गिरक्या घेता घेता पडदाच घेऊन पडला. मी लाल लुगडं, केसांत फुलं, डोक्यावर तीच विहिरीची घागर. अख्खा हॉल "रोझलिन! रोझलिन!" खोटं कशाला, छान वाटलं. स्टेजवर पाठीमागून कोणीतरी पदर सारखा केला. बोटं गार होती. नंतर शे.ला थँक्स म्हटलं तर म्हणते, "मी कुठे? मी पहिल्या रांगेत होते."

२८ जाने., बुध
सर्टिफिकेट मिळालं. नाव: रोझलिन. सरांना दाखवलं. "मग काय लिहायचं?" चेष्टा असणार. कॅन्टीनमध्येही तेच, "रोझलिन, तेरा चाय." मी "आले" म्हणाले आणि चहा घेतला. म्हणायला नको होतं बहुतेक.

३ फेब्रु., मंगळ
आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. हजेरी चालू होती. मॅडमनी माझं नाव पुकारलं, मी "प्रेझेंट" म्हटलं. मॅडम वर न बघता म्हणाल्या, "रोझलिन, दुसऱ्याची हजेरी लावू नकोस." वर्गात कोणी हसलं नाही. हसायला हवं होतं ना? आणि मग मागच्या बाकावरून, "प्रेझेंट, मॅडम." माझाच आवाज. सर्दी झाल्यावर होतो तसा.
मागे वळून पाहिलं नाही. घाबरले आहे मी. शे.ला मधल्या सुट्टीत गाठलं, तर ती म्हणाली, "तू नवीन आहेस ना, मॅडम अशाच आहेत."

६ फेब्रु., शुक्र
दुपारी घरी आले. आईने दार उघडलं. "ये गं, बस. वैदेही आत्ताच पडलीय जरा, उठवू का?" आणि पाहुण्यांच्या ग्लासातून पाणी आणलं. मी "आई" म्हटलं. बराच वेळ बघत राहिली, मग कपाळावर हात मारला. "अगं, तूच की! उन्हाने डोकं फिरलंय माझं." दोघी खूप हसलो. माझ्या पलंगावरची उशी ओली होती. आईला नाही सांगितलं. तिने मला पुन्हा तसं अनोळखी बघू नये, एवढंच हवंय. बाकी कॉलेज गेलं खड्ड्यात.

८ फेब्रु., रवि
मावशीकडे गेले, एकटीच. सगळं सांगितलं. ती रागावली नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. "पानी तिच्या नावाचं आनलं, नवरी तू झाली. आता तिला तुझीच जागा आपली वाटते." उपाय एकच. त्याच विहिरीकडे माझ्या नावाने पाणी मागायचं आणि या वेळी ते डोक्यावरून ओतून घ्यायचं. लग्नाचं पुढे बघू म्हणाली.
शेजारच्या बायका आल्या. चाल धरली. मावशीने विचारलं, "नाव काय, बाय?" मी ओरडूनच सांगितलं. वैदेही. बायकांनी गाण्यात नाव घेतलं, आणि मी तोंड उघडायच्या आत केळीतून "ओ" आली. गाणं तुटलं. मावशीने तरीही घागर माझ्या डोक्यावर ओतली. ओतताना माझ्याकडे बघत नव्हती.

आता बोळिंजला, आमच्याच जिन्यात बसून लिहितेय. किल्ली पर्समध्ये नाही. केसांतून पाणी गळतंय, अक्षर फुटतंय. बेल वाजवलीय. आतून आईचा आवाज आला, "वैदेही, दार बघ गं, कोण आलंय."
माझ्या घरातल्या स्लिपरा वाजतायत. दाराकडेच येतायत.