इटलीची गाडी आणि दादाचा कान

६ जानेवारी, सकाळी ८

आज सकाळी मारुतीच्या देवळात हरिपाठ म्हटला, बाहेर ओट्यावर आलो आणि दादाच्या कानाखाली मारली. मग घरी येऊन चहा घेतला. मन शांत आहे.

झालं ते असं. ओट्यावर पाच-सहा मंडळी बसली होती. मी मोबाइलवर गाडीचा फोटो दाखवत होतो. इटलीची, लाल, नऊशे सीसीची. अकोल्याला एकाकडे सेकंडहँड आहे. दादा, म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ देवराव, सगळ्यांदेखत म्हणाला, "पन्नाशीत माणूस तीर्थाले जाते. आमचा शालिक फटफटीवर बसून इटलीले निंगाला. पडला का हाडं वेचाले मीच येईन न बे, टोपलं घेऊन." सगळे हसले. हात उठला. मी उचलला नाही, तो उठला. दादा डावा कान धरून खाली बसला. त्याची टोपी पायरीवर पडली. ती मी झटकून त्याच्याजवळ ठेवली, हे मात्र कोणी लक्षात घेत नाही.

दादावर हात टाकण्याची ही आयुष्यातली पहिली वेळ. म्हणूनच गाडी घेणं आता जरुरीचं झालं आहे. तीस वर्षं मी बैलबाजारात लोकांना बैल पारखून देतो. एक गोष्ट पक्की पाहिली आहे. बैल तापट असला की धनी शांत असतो. गरीब बैलाचा धनीच दिवसभर ओरडतो. माझ्याकडे काय आहे? पंधरा वर्षांची मोपेड. राग कुठे जाणार?

संकल्प : आजपासून कोणावर हात टाकायचा नाही.

७ जानेवारी

वच्छला, माझी बायको, विचारते, भासऱ्यांच्या, म्हणजे दादाच्या, पाया पडायला कधी जाता? मी म्हटलं, दादा मोठा आहे, मोठ्याने मन मोठं करावं. तिने उलथणं फेकलं. घोट्याला लागलं. उलथणं तापलेलं होतं. मी एक शब्द बोललो नाही. फक्त पिठाचा डबा अंगणात भिरकावला.

९ जानेवारी

दादा तीन दिवस देवळात आला नाही. भजनाला मृदंग तोच वाजवतो. आज नुसत्या टाळांवर उरकलं. टाळकरी मोतीराम म्हणाला, "तुह्या भावाच्या कानात शिट्टी वाजून राहिली म्हणते, शालिक." थंडीचे दिवस आहेत. वाऱ्याने होतं.

लहानपणी दादाने मला शंभरदा बदडलं असेल. एकदा पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वाळक्या काडीने. माझ्या कानात कधी शिट्टी वाजली नाही.

११ जानेवारी, संध्याकाळी ५, अकोला स्टेशन

बडनेऱ्याहून सकाळच्या रेल्वेने आलो. गाडीवाला मुलगा मोईज. त्याचे वडील अब्दुल रहीम, माझ्याच वयाचे, सभ्य गृहस्थ.

गाडी प्रत्यक्ष पाहिली. हात आपोआप जोडले गेले. रंग थेट आमच्या मारुतीचा. मोईजने चालू केली तेव्हा छातीत धडधडलं आणि समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मी ठरवलं, हीच.

पण पारखल्याशिवाय घेणं माझ्या रक्तात नाही. बैल घेताना त्याला बेसावध गाठून मागच्या पुठ्ठ्यावर जोरात थाप मारतात आणि मागून रेटतात. खरा बैल जागचा हलत नाही. मी मोईजची पाठ वळल्यावर गाडीच्या पुठ्ठ्यावर थाप मारली आणि पायाने रेटा दिला. गाडी त्याच्या पायावर पडली.

मोईजने माझी कॉलर धरून मला शटरवर आपटलं. "पागल हो क्या चाचा? गाडी है, भैंस नहीं है!" मीही त्याच्या नाकावर एक दिली, पण ती संकल्पात धरत नाही, कारण ती स्वसंरक्षणाची होती. रक्त आलं. रहीमभाईंनी मधे पडून दोघांना ढकललं. त्यांचे अब्बा बकऱ्यांच्या बाजारात होते म्हणे. रहीमभाई मुलाला म्हणाले, "बाजार का आदमी है बेटा, बाजार की तरह देख रहा था. तू पाँव पे बरफ लगा."

मग आम्ही दोघांनी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव केला, अगदी बैलबाजारासारखा. एक शब्द न बोलता सौदा जमला. मोईज लंगडत आला आणि हे पाहून पुन्हा ओरडला, "अब्बा, हाथ क्यों पकड के बैठे हो उसका?" भाव इथे लिहीत नाही. वच्छला ही वही वाचते असा संशय आहे.

निघताना विचारलं, मागे माणूस नीट बसतो ना? महाराजांच्या प्रकटदिनाला दादाला मागे बसवून शेगावला न्यायचा विचार आहे. एवढी गाडी पाहिली की तो सगळं विसरेल. मोईज म्हणाला, "पीछे तो बकरी भी नहीं टिकती." मुलगा चिडलेला होता, म्हणून बोलला.

१४ जानेवारी, संक्रांत

वच्छलेच्या हाती दादाकडे तिळगूळ पाठवला. पहिलं पाऊल मी टाकलं, हे नोंदवून ठेवतो. वाटी तशीच परत आली. वहिनीने निरोप दिला, "गोड बोला म्हणता, पन आयकाचं कोन्त्या कानानं? एक तं तुमीच फोडला."

बायकांना वाढवून सांगायची सवय असते. मी बगीच्यात गेलो आणि कुऱ्हाडीने संत्र्याची दोन झाडं तोडली. तिसऱ्याच्या फांद्या उडवल्या. त्याला राग म्हणत नाहीत, छाटणी म्हणतात.

१८ जानेवारी

हेल्मेट घेतलं. लाल.

सराव सुरू केला. या गाडीवर पोटावर झोपल्यासारखं पुढे वाकून बसावं लागतं. मोपेडवर तसा वाकून मोर्शी रोडला गेलो. हनुवटी हँडलवर ठेवली की समोरचं दिसत नाही. जीवन टेलरच्या दुकानासमोर रस्त्याकडेच्या नालीत गेलो. जीवन बाहेर येऊन म्हणाला, "काय शालिकराव, साप पाहून राहिले काय?" दुकानातली गिऱ्हाइकं हसली.

हेल्मेटचा पहिला उपयोग झाला. जीवनच्या भुवईला चार टाके. हेल्मेटला चरासुद्धा नाही. माल चांगला आहे.

पोलीस पाटलाने मिटवलं. दवाखाना मी करायचा ठरलं. पाटील म्हणाला, "तुमी तं माळकरी न हो?" मी म्हटलं, म्हणूनच हेल्मेटने मारलं, हाताने नाही. संकल्प हाताचा होता.

२३ जानेवारी, दुपारी, अकोला, एक दवाखाना

ट्रायल घेतली. थोडक्यात लिहितो, उजव्या हाताने लिहिता येतं एवढं बरं आहे.

मोईजने तीनदा सांगितलं, मूठ हळू पिळायची. मी बैलाची शेपटी पिळणारा माणूस. गाडीचं पुढचं चाक उठलं. मी एका चाकावर वीस-पंचवीस हात गेलो असेन. मग भिंत आली. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. मांडी सायलेन्सरने भाजली, कातडं निघालं. गाडीचा आरसा फुटला. रस्त्यावरच्या कुत्र्याने पडल्या पडल्या पोटरीला धरलं, त्याला मी हेल्मेटने मारलं, मग त्याने दुसरी पोटरी धरली.

गाडीत दोष नाही. नवा बैल पहिल्या दिवशी धन्याला पाडतोच. उलट ज्याने पाडलं नाही तो मी कधी कोणाला घेऊ दिला नाही. रहीमभाईंना सांगितलं, सौदा कायम. शनिवारी, एक तारखेला नेतो. ते म्हणाले, "भाई, प्लास्टर तो उतरने दो." प्लास्टर एकाच हाताला आहे.

मोईज दवाखान्याच्या दारातच उभा राहिला. आत आला नाही.

२६ जानेवारी

प्रियदर्शनी आली आहे. माझी मुलगी, अमरावतीला कॉलेजात आहे. आल्या आल्या मोठ्या बाबांकडे, म्हणजे दादाकडे, जाऊन बसली. परत आली ती माझ्याकडे न बघता बोलली, "मोठ्या बाबांनी मृदंग खुंटीवरून उतरवून आत पेटीवर ठेवला. डाव्या बाजूचे टाळ ऐकूच येत नाहीत त्यांना. ताल सुटतो म्हणाले. लोक हसतील म्हणाले."

मी म्हटलं, दादाचं वय झालं.

ती म्हणाली, "सहा तारखेले सकाळी झालं का वय?"

तिच्यावर हात टाकला नाही. भिंतीवर टाकला, तोही प्लास्टरचा. फार कळ आली.

२८ जानेवारी

दादाच्या अंगणात गेलो. गाडीची बातमी द्यायला गेलो होतो, दुसरं काही नाही. तो माझ्याकडे पाठ करून बैलाला चारा टाकत होता. मी दोनदा हाक मारली. वळला नाही. एवढा अहंकार? मनात आलं, मागून एक लाथ घालावी. तेवढ्यात तो सहज वळला आणि मला पाहून दचकला. हातातली टोपली पडली. त्याने मला आवाजाने ओळखलं नव्हतं. त्याला कोणी आलेलंच कळलं नव्हतं.

 त्याने माझ्या प्लास्टरकडे पाहिलं. मी त्याच्या कानातल्या कापसाकडे पाहिलं. कापूस पिवळा झाला होता.

घरी येऊन हरिपाठाला बसलो. अर्ध्यात उठलो.

३१ जानेवारी

दादाला ताप आहे. उशीवर डाग पडतात असं वच्छला म्हणाली. उद्या अकोल्याला जायचं आहे. शब्द दिला आहे. बाजारात शब्दाला किंमत असते. आल्यावर बघतो दादाचं.

मन शांत नाही. गाडी आली की होईल.

१ फेब्रुवारी, संध्याकाळी

सकाळी सहाला बॅग घेऊन निघालो. बसस्टँडचा रस्ता दादाच्या दारावरून जातो. दुसरा रस्ता आहे, पण लांबचा. वहिनी ओट्यावर बसली होती. मला शिव्या देईल असं वाटलं. तिने नुसतं पाहिलं, लाल हेल्मेटकडे. यापेक्षा उलथणं परवडलं असतं.

तिथेच उभं राहून रहीमभाईंना फोन लावला. सांगितलं, पूर्ण विचारांती माझा निर्णय झाला आहे, गाडी घेणार नाही. ते म्हणाले, "भाई, वो तो परसों ही बिक गई. मोईज बोला, उस आदमी को देंगे तो अपने सर पे खून आएगा." हरकत नाही. निर्णय तरी माझाच.

आत गेलो. दादाला म्हटलं, चल अमरावतीला, कानाच्या डॉक्टरकडे. तो उठला. सदरा घातला. बस निघून गेली होती, म्हणून मोर्शीपर्यंत मोपेडवर गेलो. माझा हात बांधलेला, म्हणून चालवली त्याने, तापात. पुढे एसटीने.

डॉक्टरने कानात दिवा घालून पाहिलं. पडद्याला भोक आहे, त्यात पू झाला आहे. औषधाने भरेल, नाही तर ऑपरेशन. पुढचे तीन महिने मृदंग, बँड, कर्णा काही नाही. म्हणजे प्रकटदिन गेला. मग विचारलं, हे झालं कसं?

मी तोंड उघडण्याआधी दादा म्हणाला, "बैलानं शिंग हाणलं, साहेब."

डॉक्टरने माझ्या प्लास्टरकडे, मग पोटऱ्यांच्या पट्ट्यांकडे पाहिलं. "आणि यांना?"

"यालेही त्याच बैलानं."

बाहेर बाकावर औषधाच्या चिठ्ठीसाठी बसलो. बाक भरलेला. मी हळूच म्हटलं, दादा, माझं चुकलं. तो समोर बघत राहिला. पुन्हा म्हटलं. पुन्हा समोरच. मनात आलं, आता हा मला किती वेळ बसवणार. मूठ वळली. मग लक्षात आलं की मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो आहे.

उठलो, त्याच्या समोर गेलो आणि एकदाचं मोठ्याने बोललो, "दादा, म्या मारलं तुले! माहं चुकलं!" नर्सने खिडकीतून मान काढली. बाकावरचे सगळे बघायला लागले. मी खाली वाकून त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. प्लास्टर फरशीवर आपटलं.

दादाने माझी कॉलर धरून मला उठवलं. म्हणाला, "हळू बोल न बे. लोक आयकून राहिले. आतमंदी बैल सांगून आलो न मी."