सात नंबरचं मशीन

प्रिय सात नंबर,

या नावाने तुला हाक मारून पंचवीस वर्षं झाली. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मारायचो. मग एकदा भेटायला आलेल्या आईने ऐकलं आणि म्हणाली, "अरे, बायको आणलीयस की तुरुंगातून कैदी?" तेव्हापासून बंद. आज मुद्दाम लिहिलं, कारण गेले दोन महिने दुसराच एक माणूस तुझा याच नावाने उल्लेख करतोय आणि मी त्याच्यासमोर स्क्रूड्रायव्हर धरून गप्प उभा राहतोय. पत्र कुरिअरने पाठवतोय, शुक्रवारी मिळेल. हे फोनवर बोलता येणार नाही. फोनवर तू गप्प झालीस की मला कळत नाही, तू गप्प आहेस की लाइन गेली.

आधी घरची खबर. स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलला. तुझ्या सात कुंड्यांपैकी सहा जिवंत आहेत. सातवी तू लेकीकडे निघालीस तेव्हाच मान टाकून बसली होती, तिचं पाप माझ्या माथी मारू नकोस. नातीचं वजन "छान वाढतंय" असं तू कळवतेस. छान म्हणजे किती? ग्रॅममध्ये कळव. लेकीला सांग, बाळाच्या पाळण्याचा डावा खिळा मी आलो होतो तेव्हाच सैल होता, जावईबापूंना दाखवलाही होता. ते इंजिनियर आहेत, त्यामुळे त्यांनी तो अजून घट्ट केला नसणार.

आता मुद्दा. तू गेलीस त्यानंतर बरोबर नवव्या दिवशी मला बारा टाइपरायटरचं काम आलं. तुला फोनवर सांगितलं होतं, की एका श्रीमंत माणसाला जुना टायपिंग क्लास आपल्या घरात जसाच्या तसा उभा करायचाय. ऐकून तू विचारलंस, "कुठला?" कोण माणूस, ते नाही विचारलंस. असलं खूळ कशासाठी, ते नाही विचारलंस. फक्त, कुठला. मी सांगितलं, तू शिकलीस तोच, आणि मग ती शांतता. मग म्हणालीस, "नका घेऊ ते काम, तुमची पाठ दुखते." सत्तावीस वर्षं मी मशीनवर वाकून काढली, माझ्या पाठीची तुला आत्ताच आठवण झाली. पंधरा दिवसांसाठी गेलेली तू, त्या फोननंतर तुझा मुक्काम वाढत गेला. आधी बाळाला सर्दी, मग लेकीला अशक्तपणा. असेलही. मी फक्त तारखा शेजारी शेजारी ठेवून बघतोय.

काम मी घेतलं. या शहरात ती मशीन उघडून पुन्हा जोडू शकणारा माझ्याखेरीज कोणी उरलेला नाही, हे तुलाही माहीत आहे. भंगारातून आणलेलं पहिलं मशीन मी खोलीतल्या जमिनीवर सुटं केलं आणि अठरा दिवसांनी जोडलं, तेव्हा एकही स्क्रू उरला नव्हता. कुणाचा शिष्य नाही, कुठलं सर्टिफिकेट नाही. या माणसाच्या घरी देखरेखीला एक पदवीवाला आहे. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "काका, रोलरला थोडं तेल मारा, फिरेल." रोलरला तेल! रबराचा असतो तो. मी त्याला अर्धा तास समजावलं. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या वाटेला गेला नाही.

मालकाची शीतगृहं आहेत, चार शहरांत. घराच्या तिसऱ्या मजल्यावरचा अख्खा हॉल त्याने या क्लाससाठी काढलाय. टेबलं तशीच करून घेतली, तसेच हिरवट झालेले पडदे, बाई टेबलावर ताल धरायच्या ती लाकडी पट्टीसुद्धा. पैसा असला की माणूस काय काय परत आणू शकतो, ते बघून मी चाट पडलो. पण आठवणी कच्च्या. घड्याळ त्याने खिडकीवर लावलं होतं. मी म्हणालो, दारावर असायला हवं. त्याने वळून विचारलं, "तुम्हाला कसं ठाऊक?" मी म्हणालो, अशा क्लासात घड्याळ दारावरच असतं साहेब, नाहीतर पोरं मशीन सोडून घड्याळच बघत बसतील. तो हसला. मलाच नवल वाटलं, की मी त्या क्लासात मशीन दुरुस्तीला यायचो हे मी त्याला सांगितलं नाही. तेव्हा सांगण्यासारखी साधी गोष्ट होती ती. मग दर दिवसाबरोबर सांगणं अवघड होत गेलं.

त्याने मला ओळखलं नाही. उलट मलाच सांगत होता, "एक तेलवाला यायचा तेव्हा. रॉकेलचा वास यायचा त्याला. तोंड कायम मशीनमध्ये." माझ्याच तोंडावर! मी मान डोलावली आणि रिबन बसवत राहिलो.

हा माणूस म्हणजे आठ नंबर. तुझ्या उजव्या हाताला बसायचा तो. आता मला सांग. या सत्तावीस वर्षांत तू मला त्या क्लासमधल्या एकेकाची नक्कल करून दाखवलीस. पट्टी आपटणाऱ्या बाई, एकाच वेळी जांभई देणारे जुळे भाऊ, खाडाखोड झाली की कागद खाऊन टाकणारा तो सडपातळ मुलगा. हसून हसून आपल्या पोरांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आठ नंबरवर कोण बसायचं, ते मात्र कधीही नाही. नाव नाही, नक्कल नाही. बारा मशीन होती आणि तुझ्या गोष्टींत नेहमी अकराच माणसं. मी इतका काटेकोर माणूस, पण मी कधी मोजली नाहीत.

त्याने सात नंबर तयार झाल्यावर मला बाजूला बसवून चहा पाजला आणि सगळं सांगितलं. कसा उपाशीपोटी क्लासला यायचा, कशी फी थकायची. तू एकदा त्याच्या फाटक्या बाहीकडे पाहिलंस आणि काहीच बोलली नाहीस, त्याचं त्याला कसं बरं वाटलं. म्हणाला, दुपारचं ऊन तिच्या खांद्यावर पडायचं. आता क्लासची ती खिडकी उत्तरेला होती. तिथे ऊन कधी आलं नाही, मी स्वच्छ सांगतो, स्क्रू शोधायला मला भर दुपारी बॅटरी लागायची. पण त्याने खिडकीबाहेर दिवे लावून ऊन तयार करून घेतलंय. बटण दाबलं, की सात नंबरवर पिवळं ऊन. खोटं आहे ते, मी त्याला तसं सांगणारही होतो. पण तिथे नुसता बघत उभा राहिलो. दिसत होतं सुंदर. तुझ्यावर ऊन पाडावं हे मला कधी सुचलं नाही, याचा मला राग आला.

मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "उस्ताद, एक गंमत सांगतो. सात नंबरची उजवीकडून तिसरी कळ सारखी अडायची ना, ती मी अडवायचो. च्युइंगमचा तुकडा चिकटवून. मशीन अडलं की बाई तिला माझ्या शेजारी बसवायच्या. अर्धा तास ती टाइप करणार, अर्धा तास मी."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. त्या च्युइंगमवर आपला संसार उभा आहे, बाई. ते चिमट्याने काढायला मी यायचो, तू शेजारी उभी राहायचीस, आणि शेवटच्या महिन्यात मी धीर करून विचारलं, की हे कोण करतं? तू खाली बघून हसलीस. म्हणालीस, "तुम्ही यावं म्हणून." त्या तीन शब्दांवर मी आईशी भांडलो, भाड्याची खोली घेतली, तुला घरी आणलं. पोरांना आपण किती वेळा सांगितलं, की तुमच्या आईने तुमच्या बापाला च्युइंगमने चिकटवून घेतलं. लेकीच्या लग्नात तर मी ते माइकवर सांगितलं. तेव्हा तू कुठे बघत होतीस, ते आता मी आठवतोय आणि आठवत नाहीये.

त्याच संध्याकाळी माळ्यावरून माझी जुनी दुरुस्तीची वही काढली. मशीनचा नंबर, बिघाड, तारीख, सगळं आहे. तू क्लासला होतीस त्या सात महिन्यांत सात नंबरची तीच कळ अकरा वेळा अडली. दुसऱ्या दिवशी सहज विचारल्यासारखं करून मी त्याला विचारलं, किती वेळा केलंत हो असं? म्हणाला, "असेल पाच-सहा वेळा. च्युइंगमलाही पैसे लागायचे." म्हणजे उरलेल्या पाच कुणाच्या? तो विसरला असेल. माणूस घड्याळाची भिंत विसरतो, तो आकडाही विसरेल. किंवा पहिल्या सहा त्याच्या असतील आणि त्याची युक्ती बघून पुढच्या पाच तू केल्या असशील, माझ्यासाठी. किंवा एकही नाही, आणि खाली बघून हसलीस ते सुटका करून घ्यायला. रोज कामावर जाताना माझा हिशोब वेगळा येतो आणि परतताना वेगळा. तू सकाळच्या फोनवर "जेवलात का" विचारतेस आणि मी विचार करतो, या आवाजात काय आहे? काहीच नसतं बहुतेक. पण मी ऐकायला लागलोय, आणि एकदा ऐकायला लागलो की मला मशीनमधली केसाएवढी खरखरही ऐकू येते.

सोमवारी बारावं मशीन बसवलं. काम संपलं. त्याला जुन्या सगळ्या विद्यार्थ्यांना बोलवायचं होतं, पण ते निमित्त होतं, हे लहान मूलही ओळखेल. आठ नंबरच्या स्टुलावर बसून तो म्हणाला, "उस्ताद, तुमच्या धंद्यात सगळे क्लासवाले भेटतात. सात नंबरचं पुढे काय झालं, काही कानावर?" डोळे असे लावून बसला होता माझ्याकडे, की जणू मी आत्ता तिला जिन्यातून वर आणणार आहे. मी हत्यारं पिशवीत भरत होतो. चिमटा फडक्यात गुंडाळला आणि म्हणालो, "ती वारली."

का म्हणालो, विचारू नकोस. माझ्या तोंडून आजवर एवढी मोठी खोटी गोष्ट गेली नव्हती, आणि गेली ती अशी. त्याने विचारलं, कधी? म्हणालो, अकरा वर्षं झाली. कशाने? तापाने. फार भोगलं का तिने? नऊ दिवस, म्हणालो. कुणी तपशील विचारला की पुरवायचा, या जन्माच्या खोडीपायी मी तुला नऊ दिवस तापात ठेवलं गं. तो उठला, भिंतीपाशी गेला आणि ऊन बंद केलं. मला वाटलं होतं, जिंकल्यासारखं वाटेल. घरी आलो तर दाराशी तुझ्या निळ्या चपला. किती तरी वेळ मी त्या ओलांडून आत जाऊ शकलो नाही.

आणि आता हे पत्र कशासाठी, ते लिहितो. काल त्याचा फोन आला. म्हणाला, तिच्या नवऱ्याला भेटायचंय. "काही मागायचं नाही, उस्ताद. ती पुढे कशी राहिली, खूश होती का, एवढंच ऐकायचंय. पत्ता मिळेल?" ठाऊक नाही म्हणायला काय जात होतं? पण मी पत्ता सांगितला. आपला. गल्ली, जिना, मजला, दाराचा रंग, घंटा बिघडली आहे तेव्हा कडी वाजवा, हेसुद्धा. रविवारी सकाळी अकराला येतोय. तेव्हा शनिवारच्या गाडीने घरी ये. नाही आलीस तरी मी त्याला खरं सांगणार आहे, समोर बसवून, तेलवाल्याचा चेहराही नीट दाखवून. पण आलीस, तर दार तू उघड. मी आतल्या खोलीत दाराकडे पाठ करून बसेन. तुम्ही काय बोलाल ते ऐकू येईल, त्याला इलाज नाही, घर तेवढंच आहे. पण त्याला बघताना तुझा चेहरा कसा होतो, ते मी बघणार नाही. मला ते बघायचं आहे, म्हणूनच बघणार नाही.

तुझाच,
अहो