तळघरातून गेलेली पत्रं

३ नोव्हेंबर

टू हार्बर्स गावात विकत घेतलेल्या घरात आज राहायला आलो. खिडकीतून सरोवर दिसतं, घर ऊबदार ठेवणारी भट्टी झकास तापते, आणि तळघरात तर लॉटरीच लागली! जुना मालक एल्मर हाउगे आपला मेल सर्व्हर, म्हणजे ईमेलची ने-आण करणारं यंत्र, चालू ठेवूनच गेलाय. चाळीस वर्षं टेलिफोनच्या तारा ओढल्यावर माझी ईमेल कुठल्या कंपनीच्या हवाली करायला मी काही वेडा नाही. आता माझं टपाल माझ्याच घरातून. यंत्र गुरगुरतं, मधूनच ठकठकतं. म्हातारं झालंय, माझ्यासारखंच.

६ नोव्हेंबर

पहिलं पत्र अर्थातच माझ्या लेकीला, कारिनला. तिची आई गेली त्या दिवशी मी गोठलेल्या तळ्यावर मासे पकडत बसलो होतो. तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, ती माझा फोन घेत नाही. 'चुकलं माझं' एवढंच लिहायचं होतं. लिहिलं हवापाण्याबद्दल. तेही परत आलं. घरगुती लाइनवरून आलेली ईमेल मोठ्या कंपन्या घेत नाहीत म्हणे! पण मीही हट्टाला पेटलोय.

१० नोव्हेंबर

सात पत्रं परत. शेजारची डोरीन ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्या-मांसाचं हॉटडिश घेऊन आली. सांगत होती, अरे आर्विड, तो हाउगे म्हणजे कायम एरंडेल प्यायलेला चेहरा, पण शेवटी शेवटी इतका गोड बोलायला लागला की ओळखू येईना. दुरावलेला मुलगा आला आणि दोघं गळ्यात गळा घालून निघून गेले. या घराचं पाणी तुलाही लागो म्हणजे मिळवली, असा टोमणाही मारून गेली. आम्ही खूप हसलो.

१२ नोव्हेंबर

यंत्राच्या नोंदीत कारिनला गेलेलं एक पत्र चक्क 'स्वीकारलं' दिसतंय. ते मी लिहिलेलं नाही. 'चिमणे, चुकलं माझं. आई मला हाका मारत होती आणि मी तळ्यावर होतो.' चिमणी हे नाव मी कधी कुठे लिहिलेलं नाही, फक्त तोंडाने हाक मारायचो. 

खाली तिचं उत्तर: 'बाबा, याच एका वाक्याची वाट बघत होते.'

मी रडलो. ते पत्र माझं नाही हे तिला कळवायला हवं होतं. नाही कळवलं.

१४ नोव्हेंबर

आणखी एक गेलं. 'रविवारी दुपारी ये. तळघराच्या बाहेरच्या दाराने ये, मी तिथेच असेन.' ती येते म्हणाली. मी लिहिलं, येऊ नकोस, तो मी नव्हे. परत आलं. पुन्हा लिहिलं. परत. डोरीनच्या फोनवरून लावून पाहिला, पण अनोळखी नंबर ती उचलत नाही. भीती वाटतेय.

१६ नोव्हेंबर

यंत्राची वायर उपटली. गुरगुर थांबली.

ठकठक थांबली नाही. भिंतीमागून येतेय — दमलेल्या माणसाने ठोकावं तशी —

१७ नोव्हेंबर, रविवार

तिला दारातच अडवायला तळघरात उतरलो. बाहेरचं दार उघडत नाही. जिन्यावरचं दार मागे आपोआप लागलं, तेही आता उघडत नाही. भिंतीवर नखांनी कोरलंय: एल्मर हाउगे.

गाडी आली. कारिन पुढच्या दाराने — तळघराचं ते वाक्य मी वाचून खाली उतरावं म्हणूनच होतं —

वर माझाच आवाज. ये गं चिमणे, चुकलं माझं. किती सहज म्हणतोय. ती रडतेय. मी ठोकतोय, ओरडतोय —

ती विचारतेय, बाबा, खाली कसली ठकठक?

तो सांगतोय, जुनं यंत्र आहे गं, मधूनच असं —