लेकीचा वाटा

१४ जुलै

लाडक्या आयसौले, बापाचे पोटभर आशीर्वाद.

तू बरी आहेस ना? कोरियात फार पाऊस पडतो म्हणतात. कारखान्यातून येताना भिजू नकोस. इथे वाळूवर पाय ठेववत नाही. उंटिणी ठीक आहेत. छपरावरच्या सौरपट्ट्या मी रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसतो. बॅटरीचा दिवा लाल झाला की पुन्हा एकदा पुसून येतो. तू पाठवलेली बर्फाची पेटी चालू आहे, काळजी नको.

म्हणजे चालू आहे, पण आता बर्फ धरत नाही. बिघडलेली नाही. मीच बटण फिरवलं.

मागच्या आठवड्यात कुल्झिरा काकू आली होती. माझी वहिनी म्हणून तिची जीभ माझ्यावर कशी चालते, ते तुला ठाऊक आहे. ती साखरेच्या आजाराचं औषध विहिरीत बादली सोडून गार ठेवायची. यंदा विहीर आटली आणि औषध नासलं. आता नर्सने नवं दिलंय आणि बजावलंय की गार ठेवा, पण गोठलं तर फेकून द्यावं लागेल. आपल्या पेटीत एक तर बर्फ होतो, नाहीतर नुसतं गार राहतं. दोन्ही होत नाही.

मी म्हणालो, “वहिनी, जागा नाही. आत आयसौलेचा वाटा आहे.”

“हिवाळ्यात घोडा कापला तेव्हाचा ना? माझी सासू मीठ लावून वसंतापर्यंत लेकीचा वाटा राखायची. लेक आली नाही तर तिला शिव्या देत स्वतःच खायची. तुझ्या छपरावर ऊन फुकट पडतं म्हणून तू जन्मभर राखणार?”

“ती येणार आहे.”

“येऊ दे की. तोवर मी मेले तर तिला रांधून कोण घालणार? तुला तर धड चहाही जमत नाही.”

मग ती हळूच म्हणाली, “भावोजी, खरं सांग. त्या पेटीत मांस ठेवलंयस की तुझी गेलेली कानिपा?”

पोरी, तो वाटा तुझ्या आईने कापून बांधला होता. फडक्याला तिच्याच हातची गाठ होती. ती गेली तेव्हा मीच तुला येऊ नकोस म्हणालो. तू निघाली असतीस तर तिकडे परत घेतलं नसतं. ते बरोबरच होतं. पण दुपारी कोणी नसलं की मी झाकण उघडायचो, त्या गाठीला हात लावायचो आणि पुन्हा बंद करायचो. गारवा वाया जातो हे कळत असूनही.

मी बटण फिरवलं. मांसाचा बर्फ सुटल्यावर गाठ मला सोडवेना, वहिनीने सोडली. तिनेच शिजवलं. तुझ्या मानाचं नळीचं हाड ताटात मधोमध ठेवलं. कोणी हात लावेना.

“खा,” वहिनी म्हणाली. “लेकीचा वाटा बापाने खाल्ला तर कोणी हसत नाही.”

खाल्ला. मीठ जास्त होतं. तुझ्या आईचं नेहमीच व्हायचं.

आता वहिनी रोज टोचून घ्यायला येते, माझ्या चहाला नावं ठेवते आणि जाते. तेवढंच बोलणं होतं.

रागावू नकोस. मांस होतं तोवर तू येणार, असं मी धरून चाललो होतो. आता तुझ्यासाठी राखलेला मीच तेवढा उरलोय, आणि मला पेटीत ठेवता येत नाही.

तुझा बाप,
ओंगार