सगळ्यात लांब उत्तर

ता. ३ ऑगस्ट

ती. दादास,
चिमीचा सा. न. वि. वि.

वहिनीचा गुडघा उतारावर आहे हे वाचून बरं वाटलं. माझं मात्र डोकं उठलंय.

नर्सिंगच्या मुलींना मी औषधांचे डोस शिकवते आणि दर शनिवारी वीस प्रश्नांची चाचणी घेते, हे तुला ठाऊकच आहे. बत्तीस मुलींत एकही सोळाच्या खाली नाही. मी खुशीत होते. मंगळवारी वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलीनं वॉर्डात अर्धा मिलीऐवजी पाच मिली औषध सिरिंजमध्ये ओढलं. इन्चार्ज सिस्टरनी वेळीच मनगट धरलं म्हणून निभावलं. पेशंट एक म्हातारे शिंपी. त्यांना काही कळलंही नाही, ते चहा कधी येणार म्हणून विचारत होते.

प्राचार्यबाई म्हणतात, तिचं नाव काढून टाका. मलाही वाटतं, वीसपैकी वीस घेणारी पोर चुकते म्हणजे शुद्ध निष्काळजीपणा. तू तीस वर्षं भूगोल शिकवलास. चाचण्यांचा गठ्ठा पाठवतेय, वाच आणि माझं चुकलेलं नाही एवढं कळव.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
चिमी

ता. १२ ऑगस्ट

चि. चिमीस,
अ. उ. आशीर्वाद.

तसं कळवता येत नाही. गठ्ठा वाचला आणि तुझ्या वहिनीलाही सोडवायला दिला. तिला औषधातलं ओ की ठो कळत नाही. तिला वीसपैकी सतरा पडले. कसे, म्हणून विचारलं तर म्हणाली, सगळ्यात लांब उत्तरावर खूण करत गेले. तू बरोबर उत्तर लिहिताना जीव ओततेस आणि चुकीची तीन उरकून टाकतेस. एका प्रश्नात तर औषध कपाळाला चोळावं असा पर्याय आहे. तो कोण निवडणार, बाई?

पाच मिली कसे आले हे त्या पोरीला विचारलंस का? नसणारच. आधी विचार, मग रागव. चुकीचे पर्याय तुझ्या डोक्यातून काढू नकोस, मुली खरोखर ज्या चुका करतात त्यांतून घे. वीस प्रश्न नकोत, चार पुरेत, पण आकडेमोड कागदावर दिसली पाहिजे. आणि पहिल्या खेपेला गुण वहीत चढवू नकोस, नाहीतर पोरी चुका लपवतील.

गुडघा तिचा दुखतो, डोकं माझं. जपून राहा.
तुझा
दादा

ता. २ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तोंड दाखवायची लाज वाटत होती.

त्या मुलीला विचारलं. आधी रडली, मग म्हणाली की दशांश चिन्ह कुठे सरकवायचं ते तिला कधीच कळलं नव्हतं. चाचणीत त्याची गरजच पडली नाही, उत्तर समोर दिसायचं. तिला वाटायचं, मॅडम आमच्यासाठी मुद्दाम सोपं करतात.

मग तू म्हणालास तशी चाचणी घेतली. चार गणितं, प्रत्येकीच्या हातात सिरिंज, औषधाऐवजी पाणी. चारही बरोबर आली फक्त अकरा जणींना. प्राचार्यबाई संतापल्या. कॉलेजच्या नावाला काळं का फासताय, म्हणाल्या. आधीचे गुण खोटे होते आणि ती चूक माझी आहे, असं मी लेखी दिलं. मुलीला महिनाभर देखरेखीखाली ठेवायचं ठरलं. परीक्षेचं काम मात्र माझ्याकडून काढून घेतलं ते घेतलंच. आता ते ज्यांच्याकडे गेलंय ते सद्गृहस्थ जुनाच गठ्ठा वापरणार म्हणतात. कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं.

मी रोज तासाच्या शेवटी दोन गणितं घालतेच. त्यांना परीक्षा म्हणत नाही, म्हणजे कुणी अडवत नाही. मुली वैतागतात.

परवा वॉर्डात राउंड संपवून डॉक्टर घाईत निघाले होते. त्या पोरीनं त्यांना दारात थांबवलं. औषधाच्या कागदावर डोसच्या आकड्यात दशांशाचं टिंब आहे की शाईचा डाग आहे ते कळत नाही, पुन्हा लिहून द्या, म्हणाली. सगळ्यांदेखत त्यांनी तिला झापलं. ती कागद पुढे धरून तशीच उभी राहिली. शेवटी त्यांनी लिहून दिलं. टिंबच होतं.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो पुढेही मागत राहीन.
तुझी
चिमी