चपलेचा अंगठा

मये (गोवा), मंगळवार संध्याकाळ

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला, माझ्या चपलेच्या अंगठ्याला मात्र स्थैर्य काही मिळेना. बातमीसाठी तालुक्याच्या गावी पालिकेच्या बैठकीला गेलो आणि ऐन जिन्याशी तो तुटला. जिन्याखाली चपला शिवणाऱ्या बेळगावकडच्या बसाप्पाने शिवून दिला, पण पैसे घेईना. "सायेब, माझ्या जागेचा विषय आज वर हाय. काय ठरलं तेवढं येऊन सांगा, मजुरी फिटली."

वर सगळा वेळ एकच वाद, इतिवृत्त कोणत्या भाषेत लिहायचं?

"कोंकणीतूच जाय!"

"मराठीच! आमचे देवसुद्धा मराठीत आरती ऐकतात!"

घसे बसले तेव्हा चहा आला. कपबश्यांच्या खणखणाटात अध्यक्ष म्हणाले, "उरलेले विषय मंजूर." त्या उरलेल्यांत जिन्याखालची जागा रिकामी करण्याचा विषयही होता. कोणी मान वर केली नाही. मी अंगठ्याकडे बघितलं. टाका पक्का होता.

मागच्या दाराने सटकावं का? नाही सटकलो. खाली येऊन बसाप्पाच्या शेजारी पायरीवर बसलो. "बसाप्पा, जागा सोडावी लागेल."

"माझ्या बाजूनं कोण बोललं?"

"कोणी नाही."

तो आरी पुसत राहिला. मग म्हणाला, "मजुरी फिटली, सायेब."