वैशालीनं लावलेला इंडेक्स

गुरुवार, संध्याकाळी सात

शेंद्र्याहून बसमध्ये बसल्यापासून डोक्यात तेच चाललंय. नऊ सेकंद.

गोदामाच्या साठ्याचा रिपोर्ट यायला वीस मिनिटं लागायची. कंपनीचा डेटाबेस बारा वर्षं मी सांभाळतेय आणि सगळ्यांना मीच सांगत आले, नोंदी वाढल्यात, वेळ लागणारच. कन्नड गावची वैशाली आमच्याकडं लागून तीन महिने झाले. मंगळवारी तिनं चाचणीच्या सर्व्हरवर नोंदींच्या एका टेबलला इंडेक्स, म्हणजे नोंद पटकन सापडायची सूची, लावला आणि तोच रिपोर्ट नऊ सेकंदांत आला. "मॅडम, मेन डेटाबेसवर तुम्हीच लावा, मला तिथली परवानगी नाय," म्हणाली. मी म्हटलं, तपासून बघते. तपासण्यासारखं काहीच नव्हतं. तरी दोन दिवस तसंच ठेवलं. का? जळत होते, दुसरं काय. नऊ सेकंद, आणि मला बारा वर्षांत सुचू नये?

आज दुपारी ती जेवायला गेल्यावर मी तो इंडेक्स मेन डेटाबेसवर लावला. थोड्या वेळानं गोदामाचे सलीमभाई वर आले. "मॅडम, कमाल केली तुम्ही. चहा यायच्या आत रिपोर्ट हातात." मी नुसती हसले. वैशाली डबा धुऊन मागं दारातच उभी होती. तिनं ऐकलं होतं.

"लावला का मॅडम? लई बरं झालं," एवढंच बोलली. खरंच खूश दिसत होती. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

उद्या सलीमभाईंना खरं सांगेन, असं लिहायला बसले होते. पण सांगेन याची माझी मलाच खात्री नाय.